रोग माशाला, औषध पाण्याला

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण कुणाची तरी टिंगल करायला वापरतो. आजारी पडलाय रेडा आणि औषध चाललंय त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या कातडी पिशवीत. शोभिवंत माशांच्या जगात मात्र या म्हणीत विनोद उरत नाही, तिथे रोज हेच चालतं. गोल्डफिशच्या अंगावर लाल चट्टा दिसला, गप्पीची शेपटी झडायला लागली, की अँटिबायोटिकची पुडी फोडायची आणि पाण्यात टाकायची. पैदास केंद्रात तेच, निर्यातदाराकडे तेच, दुकानात तेच आणि घरच्या टाकीतही तेच.

यात कुणी मूर्ख आहे असं नाही. ग्रॅमभर वजनाच्या माशाला सुई टोचणार कशी? खाद्यातून द्यावं तर आजारी मासा आधी खाणंच सोडतो. राहता राहिलं पाणी. पण शोभिवंत माशांत अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू एवढ्या प्रमाणात का सापडतात हे समजून घ्यायचं, तर सुरुवात या पखालीपासूनच करावी लागते.

आधी एक साधा हिशोब. 100 लिटरच्या टाकीत दहा गप्पी आहेत असं धरू. दहाही मिळून वजन दहा ग्रॅमच्या आतबाहेर. पाण्याचं वजन 100 किलो, म्हणजे माशांच्या दहा हजार पट. रोग आहे दहा ग्रॅममध्ये आणि औषध विरघळतंय एक लाख ग्रॅममध्ये. त्यातलं माशाच्या रक्तात किती जाणार?

इथे माशाच्या शरीराची एक गंमत आड येते. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आपसूक आत झिरपत राहतं आणि त्याचं मूत्रपिंड रात्रंदिवस ते उपसून बाहेर टाकत असतं. (हा उपसा बंद पडला की मासा फुगतो, खवले अंगापासून सुटून उभे राहतात. ड्रॉप्सी म्हणतात ती हीच. ते लक्षण आहे, एखाद्या ठरावीक रोगाचं नाव नाही, तरी 'ड्रॉप्सीचं औषध' मागणारे आणि देणारे दोन्ही भेटतात.) पाणी पोटात जात नाही, म्हणजे औषधही पोटात जात नाही. जे काही जाईल ते कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून. काही औषधं तिथून बऱ्यापैकी शिरतात, काही जवळपास शिरतच नाहीत. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं औषध तर पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं. क्षारांनी जड झालेल्या पाण्यात ते टाकलं की त्याचा मोठा भाग जागच्या जागी निकामी होतो. पाणी पिवळं-तपकिरी होतं, वर फेस येतो, टाकणाऱ्याला वाटतं औषध जोरात काम करतंय.

थोडक्यात, ज्या जिवाणूला मारायचं तो माशाच्या मूत्रपिंडात किंवा स्नायूत बसलेला असतो आणि त्याच्यापर्यंत अर्धामुर्धा डोस पोचतो. ज्यांनी काहीच केलेलं नाही अशा पाण्यातल्या, वाळूतल्या, फिल्टरच्या स्पंजमधल्या जिवाणूंना मात्र औषधाची अंघोळ घडते. त्यात माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही आले. ते मेले की दोन दिवसांत अमोनिया चढतो आणि आधीच आजारी असलेला मासा आगीतून फुफाट्यात पडतो. मग लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही, डोस वाढवा.

आता मूळ प्रश्नाकडे. 'माशांना या औषधाची सवय झालीय' असं पुष्कळदा कानावर येतं. अँटिबायोटिकची सवय माशाला होत नाही आणि खरं तर एकट्यादुकट्या जिवाणूलाही होत नाही. बदलते ती जिवाणूंची वस्ती.

पुन्हा थोडं गणित करू. टाकीच्या एका मिलिलिटर पाण्यात एक लाख जिवाणू धरले, तर 100 लिटरमध्ये झाले 1,000 कोटी. एकाचे दोन होताना प्रत्येक जिवाणू आपल्या जनुकांची नक्कल उतरवतो आणि नक्कल म्हटली की चुका आल्या. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखादी चूक अशी असते, की औषध जिथे जाऊन चिकटणार त्या जागेचा आकारच किंचित बदलतो. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन गटातली औषधं जिवाणूच्या डीएनएला पीळ घालणाऱ्या एका प्रथिनावर बसतात. त्या प्रथिनाचा एखादा कण बदलला की औषधाची पकड सुटते. अशी कामाची चूक दहा कोटींत एकदा होते असं मानलं, तरी आपल्या टाकीत असे शंभर जिवाणू पुडी फोडण्याआधीच हजर आहेत. पुडी टाकली, बाकीचे मेले, खाणं आणि जागा मोकळी झाली. ऊबदार पाण्यात जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतो असं धरलं, तर एकाचे दहा तासांत दहा लाखांवर जातात. औषधाने यांना घडवलेलं नाही. त्याने फक्त त्यांचे शेजारी हटवले.

आणि त्यासाठी औषध मारक प्रमाणात असावं लागतं असंही नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर 1945 मध्ये नोबेल पारितोषिक घेताना दिलेल्या व्याख्यानातच बजावलं होतं, की अपुरा डोस घेतला तर जिवाणू मरणार नाहीत, उलट औषधाला पुरून उरायला शिकतील. 2011 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली: जिवाणूची वाढ थांबवायला जेवढं औषध लागतं त्याच्या कित्येक पटींनी कमी प्रमाणातही रोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणू हळूहळू बाकीच्यांना मागे टाकतात. पाणी बदलून बदलून पातळ झालेलं, वाळूत मुरलेलं, तळ्याच्या गाळात उरलेलं औषध या कामाला पुरेसं आहे.

इथवरची गोष्ट फक्त चुकांची झाली. खरा घोळ देवाणघेवाणीत आहे.

जिवाणूकडे मुख्य डीएनएखेरीज छोटी सुटी कडी असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो, दोघांमध्ये एक बारीक पूल तयार होतो आणि प्लाझ्मिडची नक्कल पलीकडे जाते. घेणारा त्याच जातीचा असलाच पाहिजे असं नाही. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं 1950च्या दशकात जपानमध्ये. तिथे आमांशाचे जिवाणू एकदम तीन-चार औषधांना जुमानेनात, आणि ही ताकद साध्या संपर्कातून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते हे त्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्या कड्यांवर काय काय असतं? आत शिरलेलं टेट्रासायक्लिन जिवाणूच्या बाहेर उपसून टाकणारा पंप असतो. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोडून टाकणारं विकर असतं. सल्फा औषध ज्या यंत्रणेला अडवतं तिच्या जागी काम करणारी पर्यायी यंत्रणा असते. टाकीतल्या फिल्टरमध्ये, काचेवरच्या बुळबुळीत थरात हे जिवाणू एकमेकांना खेटून राहतात. देवाणघेवाणीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

या नाटकातलं मुख्य पात्र म्हणजे एरोमोनास. गोड्या पाण्यात हा जिवाणू जवळपास सगळीकडे असतो, धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. मासा तणावात आला, पाणी बिघडलं, खवला निघाला, की तो आत घुसतो. अंगावर जखमा, परांच्या मुळाशी रक्ताळलेपणा, फुगलेलं पोट, बाहेर आलेले डोळे ही बरीचशी त्याची कामगिरी. त्याच्या जोडीला तोंडावर कापसासारखा थर आणणारा फ्लेवोबॅक्टेरियम (त्याला लोक बुरशी समजतात आणि बुरशीचं औषध टाकत बसतात), स्यूडोमोनास, सिट्रोबॅक्टर, एडवर्डसिएला, आणि सगळ्यात चिवट मायकोबॅक्टेरियम.

एरोमोनासबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यातून नेमका एरोमोनास वेगळा काढायचा असेल, तर जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात अँपिसिलिन मिसळतात. बाकीचे पुष्कळ मरतात, एरोमोनास मजेत वाढतो, कारण अँपिसिलिन तोडणारं विकर त्याच्याकडे जन्मजात असतं. आणि याच अँपिसिलिनचा सख्खा भाऊ अमॉक्सिसिलिन माशांच्या जखमांवरचं औषध म्हणून विकला जातो! एरिथ्रोमायसिनचंही तसंच. माशांना त्रास देणारे बहुतेक जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह गटातले. त्यांच्या अंगावर एक जादा बाहेरचं आवरण असतं, त्यातून हे औषध धड आतच जात नाही. अशा वेळी मारायचा तो जिवाणू मरत नाही, पाण्यातले इतर मात्र रोधाच्या शर्यतीत उतरतात.

आता मासा जन्मापासून टाकीपर्यंत कसा येतो ते पाहू. गोड्या पाण्यातले शोभिवंत मासे बहुतांश पैदास केलेले असतात आणि त्यांचा मोठा वाटा आग्नेय आशियातून जगभर जातो. पैदास करणाऱ्याकडून मासे गोळा करणाऱ्याकडे, तिथून निर्यातदाराकडे, विमानाने आयातदाराकडे, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. प्रत्येक ठिकाणी वेगळं पाणी, वेगळी गर्दी, वेगळी हाताळणी. प्रवासाआधी माशांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत विष्ठा कमी होते. मग थोडं पाणी, वर भरपूर ऑक्सिजन, आणि त्यात दाटीवाटीने मासे. असे ते चोवीस तास, कधी त्याहून जास्त वेळ काढतात. त्या पाण्यात जिवाणू माजू नयेत म्हणून आधीच अँटिबायोटिक टाकून ठेवण्याची पद्धत आहे. मासे आजारी असतात म्हणून नव्हे, पडू नयेत म्हणून. पुढच्या मुक्कामावर पोचल्यावर पुन्हा 'सावधगिरीचा' डोस, दुकानात आणखी एक. काही आठवड्यांत तोच जिवाणूंचा गोतावळा चार-पाच वेळा औषधातून जातो, बहुधा प्रत्येक वेळी वेगळ्या, आणि कधीच पूर्ण मात्रेत नाही. जिवाणूंना मुद्दाम तालमीत घालायचं ठरवलं असतं तरी याहून चांगला आखाडा जमला नसता.

1976 सालीच शोभिवंत माशांच्या पाण्यातल्या औषधरोधक जिवाणूंवर शोधनिबंध छापून आला होता, म्हणजे गोष्ट नवी नाही. पण चित्र अंगावर येतं ते 2009 मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत. त्यांनी शोभिवंत माशांमधून मिळवलेले एरोमोनासचे 127 नमुने 34 जिवाणूरोधक औषधांसमोर ठेवून पाहिले. त्यातले 94 नमुने उष्ण पाण्यातल्या माशांचे आणि ते ज्या पाण्यातून आले त्या पाण्याचे होते. या 94 पैकी 47, म्हणजे बरोबर निम्मे, पंधरा किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिक्सना पुरून उरले. ती औषधं सात किंवा अधिक वेगवेगळ्या गटांतली होती. क्विनोलोन औषधांपासून वाचवणारं एक जनुक तपासलेल्या अलीकडच्या नमुन्यांपैकी 37 टक्क्यांत सापडलं. अनेक जातींच्या जिवाणूंमध्ये सहज फिरू शकणारी प्लाझ्मिडंही सापडली.

'मग औषध बदलून बदलून वापरू' हा उपाय सुचतो. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण इथे फसतो. रोधाची जनुकं प्लाझ्मिडवर सुटी सुटी नसतात, आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागोमाग जोडलेली असतात. अशा जोडणीच्या एका यंत्रणेला इंटिग्रॉन म्हणतात. तुम्ही एका डब्यासाठी हिरवा झेंडा दाखवला की गाडी अख्खी पुढे जाते. टेट्रासायक्लिन टाकलं तर त्याच्या पंपाबरोबर सल्फा आणि क्विनोलोनचा रोधही जपला जातो, भले ती औषधं वर्षभर वापरलेली नसोत. याहून पंचाईत म्हणजे काही गाड्यांना जंतुनाशकाचे आणि जड धातूंचे डबेही लागलेले असतात. परजीवी मारायला तळ्यात घातलेलं तांबं किंवा जाळी धुवायला वापरलेलं जंतुनाशक हेही अशा गाडीला ढकलू शकतं. त्यामुळे अँटिबायोटिक थांबवल्यावर रोध आपोआप ओसरेल अशी आशा फार धरू नये. ओसरतो, पण सावकाश, आणि पूर्णपणे क्वचित.

माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. खाण्याच्या माशात औषधाचा अंश राहिला तर तो माणसाच्या पोटात जातो, म्हणून तिथे तपासण्या आहेत, औषध दिल्यावर किती दिवस मासा बाजारात न्यायचा नाही याचे नियम आहेत, आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर अनेक देशांत बंदी आहे. गप्पी कुणी खात नाही. त्यामुळे वापर रोखणारी ही सगळ्यात मोठी कारणं इथे लागूच होत नाहीत. अमेरिकेत माशांसाठीची अँटिबायोटिक्स कित्येक वर्षं चिठ्ठीशिवाय, डबीवर 'फक्त माशांसाठी' असं लिहून विकली गेली, आणि काही माणसं तीच गोळी स्वतः घेत राहिली. 2023 च्या अखेरीस तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशी मंजुरी नसलेली औषधं बनवणाऱ्या-विकणाऱ्या नऊ जणांना इशारापत्रं पाठवली.

माणसाला यातून धोका किती? उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. औषधरोधक जिवाणूंमुळे 2019 मध्ये जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे, आणि त्यामागे मुख्यतः माणसांवर व खाद्यप्राण्यांवर होणारा वापर आहे. शोभिवंत माशांचा वाटा त्यात लहान असणार. पण तो शून्य नाही. ऑस्ट्रेलियात 2003-04 मध्ये अनेक औषधांना न जुमानणाऱ्या साल्मोनेलाने आजारी पडलेल्यांचा माग काढला, तेव्हा तो घरच्या उष्ण पाण्यातल्या माशांच्या टाक्यांपर्यंत पोचला. रुग्णांत लहान मुलं बरीच होती. दुसरा ओळखीचा त्रास मायकोबॅक्टेरियम मरिनमचा. हातावर खरचटलेलं असताना टाकीत हात घातला, की काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ उठते आणि मग मनगटाच्या दिशेने सरकत जाते. या जिवाणूला 30 अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीराच्या थंड भागात, हातापायांच्या कातडीतच रेंगाळतो. साध्या अँटिबायोटिकने तो जात नाही, उपचार काही महिने चालतात, आणि डॉक्टरला टाकीबद्दल सांगितलं नाही तर निदानालाच महिने लागतात.

मग मासा आजारी पडला तर काय करायचं? पुडीकडे हात जाण्याआधी पाणी तपासायचं: अमोनिया, नायट्राइट, तापमान. माशांच्या बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात, आणि निम्मं पाणी बदलणं हा अनेकदा सगळ्यात गुणकारी डोस ठरतो. त्यानंतर परजीवी. कातडीवरची थोडी बुळबुळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं, आणि परजीवीवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही.

जिवाणूच आहे असं वाटलं आणि मासे बरेच किंवा मोलाचे असतील, पैदास केंद्रात तर नक्कीच, तर प्रयोगशाळा गाठावी. तिथे माशाच्या मूत्रपिंडातून नमुना घेऊन बशीत जिवाणू वाढवतात आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं ते औषध कामाचं; जिच्या कडेपर्यंत जिवाणू खेटून वाढले ते पाण्यात टाकून उपयोग नाही. माशांचे जिवाणू माणसाच्या शरीराच्या तापमानाला नव्हे तर 28 अंशांच्या आसपास वाढवावे लागतात, हे माणसांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेला आधी सांगितलेलं बरं. आणि मासा मरणपंथाला लागलेला किंवा नुकताच मेलेला हवा. रात्रभर ऊबदार पाण्यात तरंगत राहिलेल्या माशात मूळ गुन्हेगार सापडत नाही, नंतर ताव मारायला आलेले सापडतात.

औषध द्यायचंच ठरलं, तर आजारी मासे वेगळ्या लहान टाकीत घ्यावेत. खात असतील तर खाद्यातून द्यावं, कोईसारख्या मोठ्या माशाला पशुवैद्याकडून टोचून घ्यावं, आणि ठरलेले दिवस पुरे करावेत. मासा तिसऱ्या दिवशी तरतरीत दिसला म्हणून थांबू नये. औषधाचं पाणी ओढ्यात, तळ्यात ओतू नये. सक्रिय कोळशातून फिरवलं की त्यातलं बरंचसं औषध शोषलं जातं. लसी आहेत, पण इवल्याशा माशांसाठी फार थोड्या. जिवाणूंना खाणारे विषाणू म्हणजे फाज आणि खाद्यातले उपकारक जिवाणू यांवर काम चालू आहे, पण पुडीची जागा घेण्याइतकं सर्रास अजून काही नाही.

राहिली नव्या माशांची पिशवी. ती टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवून घ्यायचं, मग मासे जाळीने उचलून आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचे. वेगळ्या टाकीची जाळी आणि नळी वेगळी, नळीतलं पाणी तोंडाने ओढायचं नाही, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. पिशवीतलं पाणी मात्र एक थेंबही टाकीत जाऊ द्यायचं नाही. 2009 च्या त्या तपासणीत माशांबरोबर याच पाण्याचे नमुने होते. बादलीत ओतून त्यात ब्लीच घालायचं, तासाभराने मोरीत सोडून द्यायचं.